मोनार्क की पेंटेड लेडी?

अमेरिकेत स्मृतिसभेला फुलपाखरे सोडायची असल्यास बहुधा मोनार्क किंवा पेंटेड लेडी यांतून निवड करावी लागते. दोन्ही जाती घडीच्या कागदी पाकिटांत, थंडाव्याने निपचित होऊन घरपोच येतात. पाकिटे गार, अंधाऱ्या जागी ठेवून सोडण्यापूर्वी त्यांना ऊब मिळू द्यावी, कारण सुमारे 16 अंश सेल्सिअसखाली किंवा पावसात फुलपाखरू उडत नाही, पंख मिटून हातावरच बसून राहते. सुमारे 10 सेंटिमीटर पंखविस्ताराचे केशरी मोनार्क दुरूनही उठून दिसते. परंतु त्याची संख्या चिंताजनक घटली असून पाळीव मोनार्कांमार्फत रानातल्यांना परजीवीची लागण होण्याचा धोका आहे, शिवाय रॉकी पर्वतरांगेपलीकडे ती पाठवता येत नाहीत. पेंटेड लेडी लहान व स्वस्त असून अमेरिकाभर आढळते. म्हणून माझी पसंती, तीही मोजक्याच संख्येत, हिलाच राहील.