मरकळचं विपश्यना शिबिर आणि माझा किचनचा धंदा

पुण्यात नऱ्ह्याला माझं मॉड्युलर किचनचं छोटं वर्कशॉप आहे. तीन सुतार आणि मी. गेल्या वर्षी कामं भरपूर होती, पण गिऱ्हाइकं अशी की प्रत्येक कोटेशनवर घासाघीस आणि शेवटचा हप्ता अडकलेला. तेव्हा एका मैत्रिणीबरोबर ध्यानातून आदर्श ग्राहक मिळवण्याच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपला गेले. फी साडेआठ हजार. डोळे मिटून हवा तसा ग्राहक बघायचा, तो देणार तो आकडासुद्धा. घरी २१ दिवस तेच. मी मनापासून केलं. झालं असं की फोन वाजला की ‘हाच का तो?’ म्हणून छातीत धडधडायचं, आणि त्या धडधडीत मी आणखीच सूट देऊन बसायचे.

डिसेंबरात आळंदीजवळ मरकळच्या धम्मानंद केंद्रात विपश्यनेचं, म्हणजे मौन राहून करायच्या ध्यानाचं, १० दिवसांचं शिबिर केलं. फी नाही. राहणं-जेवणही जुन्या साधकांच्या दानातून चालतं, आणि तुमचं दान शिबिर पुरं झाल्यावरच घेतात. पहिल्याच दिवशी फोन जमा. पहाटे ४ ला घंटा, ११ ला जेवण, नव्या साधकांना संध्याकाळी ५ ला चहा आणि फळं, एवढंच. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून अंगभर फिरणाऱ्या संवेदना बघायच्या, आणि दिवसातून तीनदा तासभर न हलता बसायचं. माझा उजवा गुडघा पेटायचा. पाचव्या दिवशी त्या आगीकडे तशीच बघत बसले, तर ती आपोआप सरकत गेली. मला रडू आलं.

रात्री रेकॉर्ड केलेली प्रवचनं असतात, ही विपश्यना भारतात आणणाऱ्या गोएंका गुरुजींची. ते स्वतः ब्रह्मदेशातले व्यापारी, १९५५ साली मायग्रेनने हैराण होऊन विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, आणि ऊ बा खिन तिथल्या सरकारचे महालेखापाल! हिशेबात बुडालेल्या माणसांनी ही वाट चालली आहे, याचा मला फार आधार वाटला. तिथे काही मागायला शिकवत नाहीत. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे शुभेच्छेचं ध्यान असतं, तेही सगळ्यांच्या भल्यासाठी.

जानेवारीत बाणेरचं एक जोडपं आलं. साहेब म्हणाले, “सिंकखाली कमर्शियल प्लाय लावा, वीस हजार कमी करा.” छातीत तीच धडधड. या वेळी ती मला आधी दिसली. मी दोन श्वास गप्प राहिले आणि म्हणाले, “सिंकखाली मी ७१० मरीन प्लायच लावते, पाण्यात टिकणारा. ताई, ओट्याशी रोज कोण असतं?” त्या म्हणाल्या, “आई.” आईंना बोलावलं. त्या पाचफुटी, त्यांच्या उंचीचा ओटा आजवर कुणी करूनच दिला नव्हता. काम त्याच दरात ठरलं. त्याच आठवड्यात दुसरं एक काम मी सोडलं, पैसे चांगले होते तरी.

आता पहाटे तासभर बसते. संध्याकाळचा तास साइटमुळे बुडतो, त्याची मला खंत आहे.

जाणार असाल तर अर्ज खूप आधी भरा, जागा पटकन भरतात. चालू गिऱ्हाइकांना तारखा सांगून ठेवा, सुतारांचे पगार देऊन जा. आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, पूजेच्या आत ओटा हवा असणारी घरं वाट बघत असतात.