फुकटची बोट केवढ्याला पडली

व्हेनिसला पोचलो त्याच संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "उद्या मुरानोला जायचंय? खासगी बोट आहे, पैसे नाहीत." वापोरेत्तोचं, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीचं साधं तिकीट माणशी ९.५० युरो, तेही ७५ मिनिटांपुरतं. आम्ही दोघं लगेच हो म्हणालो.

बोट थेट मुरानो बेटावरच्या एका काचकारखान्याच्या धक्क्याला लागली. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसच्या काचभट्ट्या या बेटावर हलवल्या, ते सांगून झालं. मग कारागिराने वितळलेल्या गोळ्यातून चिमट्याने बघता बघता घोडा ओढून काढला. त्यात खोट नाही. खोट वरच्या मजल्यावर.

वर दालनामागून दालन, आणि आपण पुढे गेलो की मागचं दार बंद. विक्रेता "नमस्ते" म्हणाला, कॉफी आली. सोनेरी नक्षीचे सहा वाइन ग्लास ९६० युरोंना. मी नुसता हसलो, तर ७००. उठायला लागलो, तर "हॉटेलने पाठवलंय म्हणून, फक्त आज" ४८०. आमच्या घरात दारूला कोणी शिवत नाही! पण फुकट बोटीतून आलो, कॉफी प्यायलो, आता रिकाम्या हाताने कसं निघायचं? भीड भिकेची बहीण. कार्ड पुढे केलं. ४३ हजार रुपये.

पावती घेतल्यावर परतीच्या बोटीचं विचारलं. "ती फक्त यायला." म्हणजे दोघांचे १९ युरो वेगळेच. स्टॉपकडे चालताना दुसऱ्या दुकानात जवळपास तसेच सहा ग्लास दिसले, १५० युरोंना, वर 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो'चा स्टिकर. काच मुरानोतच घडवल्याचं वेनेतो प्रांताचं, म्हणजे व्हेनिस ज्यात येतं त्या प्रांताचं हे अधिकृत चिन्ह, त्यावर निर्मात्याचा क्रमांक असतो. सगळेच चांगले कारागीर ते लावतात असं नाही, पण आमच्या पावतीवर मुरानो हा शब्दसुद्धा नव्हता. नुसतं 'काच'.

जायचंच असेल तर व्हेनिसच्या फोंदामेंते नोव्हे धक्क्यावरून ४.१ किंवा ४.२ नंबरची वापोरेत्तो धरा, दहाएक मिनिटं लागतात. घ्यायचं असेल तर चार दुकानं फिरून घ्या, आणि पावतीवर 'मुरानो' लिहून मागा. लिहायला कां-कूं केली की निघा.

संध्याकाळी काउंटरवरच्या माणसाने मुरानो कसं वाटलं हे विचारलं नाही. म्हणाला, "काय घेतलंत?"