वर्डप्रेस फुकट आहे, पण मराठी लिंकनं डोकं उठवलं (वापरानंतरचा अनुभव)

पुण्याच्या एका गिऱ्हाईकाला व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या साइटची लिंक पाठवली तर रिप्लाय आला, "काका, तुमचा फोन हॅक झालाय का? ही लिंक फ्रॉडवाली वाटतीय." लिंक आमच्याच होमस्टेची, कणकुंबीला कसं जायचं त्या पानाची. पण फोनवर दिसायला अर्धा स्क्रीन भरून टक्का, ई, झिरो, टक्का, ए, फोर, टक्का असली लांबच लांब भानगड. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दाबली नसती.

वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, जास्त सांगत बसत नाही, २००३ पासून आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात, व्हिडिओ ढिगानं आहेत. फक्त एवढंच की मी वापरतो तो .ऑर्गवाला, सॉफ्टवेअर फुकट, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि डोमेन (साइटचं नाव) आपल्या खिशातून, .कॉमवाला प्रकार वेगळा आहे, त्यात गोंधळू नका. होमस्टेचं घर आमचं बेळगाव जिल्ह्यात जांबोटीकडं, पाव्हण्यांचं दादा-वहिनी बघतात, मी बेळगावात नोकरीला, त्यामुळं साइटचं काम रात्री जेवणं झाल्यावर. बुकिंग ॲपवाल्यांचं कमिशन वाचवायचं, बाकी काही मोठा हेतू नाही. डोमेनमध्ये बेळगाव घालायचं का बेळगावी यावर घरात चांगलाच वाद झाला, सरकारी नाव २०१४ पासून बेळगावी, पण गोव्या-पुण्याची माणसं अजून बेळगावच सर्च करतात, शेवटी दोन्ही सोडून गावाचं नाव घेतलं.

आता लिंकचं. पानाला मराठीत मथळा दिला की वर्डप्रेस त्यावरनंच पत्ता बनवतं. ब्राउझरमध्ये तो छान देवनागरीत दिसतो म्हणून सुरुवातीला लई बरं वाटलं. पण आतमध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाचे नऊ कॅरेक्टर होतात, आणि चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे, काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. जांबोटी हा आपल्याला तीन अक्षरी शब्द, कॉम्प्युटरला तो ज, काना, अनुस्वार, ब, ओकार, ट, वेलांटी असा सातचा. सात नवे त्रेसष्ट, एका गावाच्या नावाला! आणि डेटाबेसात पत्त्याला जागा आहे २०० कॅरेक्टरची. म्हणजे बावीस चिन्हं झाली की कात्री. माझा मथळा होता "जांबोटीहून कणकुंबीला जायचा रस्ता", पत्ता तयार झाला "जांबोटीहून-कणकुंबीला-जाय". पुढचं गायब, आणि कापलं म्हणून कुठं एक शब्द सांगत नाही. इतकी वर्षं झाली, एवढं मोठं सॉफ्टवेअर, हिंदी-मराठी-कन्नड लिहिणारी कोट्यवधी माणसं, आणि इंग्रजीवाल्याला २०० अक्षरं तर आम्हाला २२.

उपाय सोपा आहे, पान छापायच्या आधी बाजूच्या पट्टीत स्लग म्हणून जे असतं तिथं रोमन लिपीत दोन-तीन शब्द टाकायचे. मथळा मराठीच राहतो, फक्त पत्ता रोमन. पण आधी छापलेल्या पानांचं काय? तिथं आणखी एक गंमत. वर्डप्रेसमध्ये पोस्ट (ब्लॉगसारखा लेख) आणि पेज (कायमचं पान) असे दोन प्रकार. पोस्टचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं आणि जुन्या लिंकवरनं आलेल्या माणसाला नव्या जागी नेऊन सोडतं. पेजला ते करत नाही! लोकांना आधी पाठवलेल्या लिंका एकदम 'पान सापडलं नाही' वर. पोस्टला जमतं ते पेजला का जमू नये हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी रीडायरेक्शन नावाचं फुकट प्लगइन (वर्डप्रेसला वरनं जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकून एकेक जुना पत्ता नव्याला जोडत बसलो, तेव्हा वहिनी येऊन विचारून गेल्या, "इतक्या रात्री काय करूलास रे भाऊजी?" काय सांगणार.

दुसरा वैताग थीमचा, म्हणजे साइटच्या तयार रंगरूपाचा. डेमोमध्ये इंग्रजी मथळे झकास दिसतात कारण अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडलेली असते. तीच थीम मराठीला लावली की शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते, मथळा म्हणजे पडक्या दातांची कवळी. शिवाय ओळींचं अंतर कमी, त्यामुळं वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. सीएसएसमध्ये (रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) लेटर-स्पेसिंग शून्य केलं, लाइन-हाइट १.६ केली, 'मुक्त' नावाचा फॉन्ट घेतला, झालं. पैसे देऊन थीम घ्यायच्या आधी डेमोत बघू नका, आपला एक मराठी मथळा टाकून बघा, त्यात "र्की", "ट्टू" असलं काहीतरी असू द्या.

ब्लॉक एडिटरबद्दल, म्हणजे पान लिहायच्या नव्या खिडकीबद्दल, मात्र मत बदललं. २०१८ च्या शेवटी वर्डप्रेस ५.० पासून तो आला, आणि मी सुरुवातीलाच जुन्या, क्लासिक एडिटरचं प्लगइन टाकून त्याला बंद केलं होतं, प्रत्येक परिच्छेद वेगळा डबा कशाला हवा म्हणून. पण खोल्यांचे दर, जेवणाचा तक्ता, फोटोंची गॅलरी हे क्लासिकमध्ये सरळ बसेना, म्हणून एकदा परत ब्लॉकवर आलो आणि आता तिथंच आहे. एकदा खोलीचं पान नीट बांधलं की तो अख्खा साचा पॅटर्न म्हणून ठेवता येतो, दुसऱ्या खोलीला फक्त फोटो आणि दर बदलायचे. दादासुद्धा करतो आता, फोनवरनं.

आणि एक गोष्ट मनापासून आवडली. ऐन पावसाळ्यात, चोर्ल्याकडचे धबधबे सुरू झाले की आमचा सीझन, तेव्हा एका प्लगइनचं अपडेट फिसकटलं आणि साइट उघडेना, नुसती 'गंभीर त्रुटी'ची एक ओळ. संपलं सगळं असं वाटलं. पण वर्डप्रेसनं स्वतःच अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक पाठवली होती, कुठलं प्लगइन आडवं आलंय त्याचं नावही त्यात होतं. लिंक उघडून ते बंद केलं, साइट चालू. ही सोय २०१९ च्या ५.२ पासून आहे म्हणे. म्हणून साइट दुसऱ्याकडनं बनवून घेत असाल तर आधी हे बघा की अ‍ॅडमिन ईमेल तुमचा आहे का त्याचा.

होस्टिंगवाल्याचं नाव घेत नाही. पहिल्या वर्षाचा दर आणि रिन्यूअलचा दर यात तिपटीचा फरक, ते बारीक अक्षरात. वर मध्येच मेल, फायलींची मर्यादा संपत आली, प्लॅन वाढवा. आमच्या साइटला कसल्या एवढ्या फायली? चॅटवर विचारलं तर "सर, अपग्रेड करा" शिवाय दुसरं वाक्य नाही. मग फोल्डर उघडून बघितलं. फोनमधला मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याची २५६० पिक्सेलची एक कॉपी करतं, वर १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ अशा आणखी सहा, म्हणजे मूळ धरून एका फोटोच्या आठ फायली, शिवाय थीमच्या वेगळ्या. सेटिंग्जमध्ये मीडियात मिडियम आणि लार्जच्या रकान्यात शून्य घातलं की त्या दोन बनायच्या थांबतात, आणि फोटो आधीच १६०० ला आणून चढवला की वरच्याही कमी होतात. जांबोटीच्या नेटवर्कला तसंही तेच परवडतं. प्लॅन वाढवला नाही.

राहिलं कन्नड. बैलहोंगल, धारवाडकडची माणसं फोन करून "कन्नडदाग इल्लेन्री?" विचारतात, आणि ते बरोबरच आहे, निम्मं गिऱ्हाईक तिकडचं. पॉलिलँग नावाचं प्लगइन फुकटात पुरतं, मराठी पानाला कन्नड पान जोडलं की वर भाषेचं बटण येतं. दादाच्या मुलीची शाळा कन्नड मीडियम, तीच टाइप करून देतीय. तिला पहिल्यांदा स्लगची जागा दाखवली, कारण कन्नडलाही नवाचाच हिशोब आहे. रिन्यूअल जवळ आलंय, अपड्राफ्टप्लस या प्लगइननं पूर्ण बॅकअप काढून ड्राइव्हवर ठेवलाय, दुसरीकडं स्वस्त मिळालं तर उचलून नेणार. कुणी चांगलं होस्टिंग वापरत असेल तर रिन्यूअलचा दर सांगा, पहिल्या वर्षाचा नको.