तव्यावर केळी की द्राक्षं?

जेवणं उरकली, गोड काहीच केलेलं नाही आणि पाहुणे अजून गप्पा मारतायत. अशा वेळी फ्रायपॅन, साखर, लोणी आणि घरातलं फळ एवढ्यावर भागतं: साखर वितळवून तिच्या पाकात फळ परतायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या घरात ते फळ बहुधा द्राक्षंच. निफाड-दिंडोरीकडून कुणी ना कुणी पेटी आणून दिलेली असतेच.

तरी पहिल्यांदा करणाऱ्यानं केळीच घ्यावीत. पिवळी, पण घट्ट. काळे ठिपके पडलेली शिकरणाला ठेवा. तीन चमचे साखर मंद आचेवर न ढवळता विरघळू द्यायची, मधासारखा रंग आला की चमचाभर लोणी, मग जाड तिरके काप. एकेक बाजू मिनिटभर. केळं फारसं पाणी सोडत नाही, त्यामुळे पाक अंगाला चिकटून बसतो.

द्राक्षं नखरेल. त्यांच्यात 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच. नीट पुसली नाहीत तर 160-170 अंशांवर तापलेली साखर अशी उडते की बोट भाजतं (माझं भाजलंय). फळ पडताच पाक कडक होऊन आखडतो. घाबरू नका, सालं तडकून रस सुटला की तो परत वितळतो. साखर मात्र दोनच चमचे, आणि वरून लिंबू हवंच, नाहीतर थॉमसन जातीच्या द्राक्षांचा गोडवा घशाशी येतो.

केळ्यांबरोबर व्हॅनिला आइस्क्रीम ठीक. द्राक्षं मी गार चक्क्यावर ओतते, आणि माझं मत त्यांनाच. उरलेली केळी सकाळपर्यंत मऊ पडतात. द्राक्षांचा पाक दुसऱ्या दिवशी पोळीबरोबर संपतो.