टेस्टोस्टेरॉन जेल (१ टक्का): काही महिने वापरल्यानंतर

शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) कमी पडलं की हे जेल रोज कातडीवर लावायला देतात. औषध म्हणून जेल चांगलं आहे. जड जातं ते घरात पाळावं लागणारं पथ्य. इंजेक्शन घेतलं की आधी एकदम चढ आणि पुढचा डोस जवळ येईपर्यंत उतार, असं इथे होत नाही. रक्तातली पातळी दिवसभर बऱ्यापैकी सारखी राहते.

५ ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन असतं आणि त्यातलं जेमतेम १० टक्के रक्तात उतरतं. बाकीचं कातडीवरच राहतं. पुढची जवळजवळ सगळी काळजी त्यामुळेच घ्यावी लागते.

आंघोळीनंतर अंग नीट पुसून कोरडं करा, त्या जागी तेल लावू नका. पाकीट फाडल्यावर तळापासून वर दाबत आणा, नाहीतर घडीत जेल अडकतं आणि डोस गुपचूप कमी होतो. खांदे आणि दंडांचा वरचा भाग ही ठरलेली जागा. १ टक्क्याच्या जेलला पोटही चालतं, जननेंद्रियं मात्र कधीच नाही. सगळं एकाच खांद्यावर थापलं तर चिकट राहतं, म्हणून दोन्हीकडे अर्धं-अर्धं पातळ पसरा आणि सोडून द्या. चोळत बसायची गरज नाही. पाचेक मिनिटांत वाळतं, कोकणातल्या पावसाळ्यात थोडं जास्त लागतं. हात लगेच साबणाने धुवा. जेलमध्ये अल्कोहोल असल्यामुळे ओलं असताना ते पेट घेऊ शकतं. आंघोळ झाल्याझाल्या निरांजन लावायची सवय असेल तर आधी पूजा उरका, मग जेल लावा.

वर सँडो बनियन घालून फिरणं म्हणजे जेल उघडंच ठेवणं. बाह्यांचा सदरा किंवा टी-शर्ट हवा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००९ साली या जेलवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, तो लहान मुलांसाठी. जेलच्या जागी अंग लागत राहिल्याने मुलांचं लिंग वाढणं, जांघेत केस येणं, हाडांचं वय पुढे जाणं असे प्रकार घडले होते. नातवंडाला खांद्यावर घ्यायचं असेल तर आधी ती जागा साबणाने धुवा. बायकोला मुरमं किंवा नको तिथे केस येऊ लागले तर तिच्या डॉक्टरांना जेलबद्दल सांगा. गरोदर बाईने त्या जागेला, टॉवेलला, चादरीला हात लावू नये. पुन्हा आंघोळ किंवा पोहणं करायचं असेल तर १ टक्क्याच्या जेलनंतर ५ तास थांबा. १.६२ टक्क्यांच्या जेलला २ तास पुरतात, पण त्याचा डोस वेगळा; एकाच्या जागी दुसरं आपल्या मनाने लावू नये.

रक्ततपासणीत घोळ होतो तो सुईच्या जागेवरून. जेल लागलेल्या कातडीतून रक्त काढलं तर आकडा खोटाच भलता वर दिसतो आणि डोस विनाकारण कमी केला जातो. सुई टोचायची जागा जेलपासून लांब आणि स्वच्छ हवी. जेल किती वाजता लावलं तेही चिठ्ठीवर लिहा. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी पाहतात. तो ५४ टक्क्यांवर गेला तर जेल थांबवावं लागतं, कारण रक्त दाट होतं. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) डॉक्टर सांगतील तसं. झोपेत श्वास अडकत असेल किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झालेला असेल तर ते आधीच सांगायला हवं.

कामेच्छेतला फरक साधारण तीन ते सहा आठवड्यांत कळतो, स्नायूंना काही महिने लागतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका. नुसत्या थकव्यावर हे सुरू करण्यात अर्थ नाही: लक्षणं हवीत, आणि दोन वेगवेगळ्या सकाळी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत पातळी कमी, साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली, दिसायला हवी. एलएच आणि प्रोलॅक्टिन ही मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची संप्रेरकंही तपासून घ्या, दोष वृषणात की पिट्युटरीत हे त्यावरून कळतं.

मूल हवं असेल तर जेल नकोच. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना इशारा देणं थांबवतो आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. जेल सोडल्यावर ते परतायला कित्येक महिने लागतात. अशा वेळी डॉक्टर एचसीजीसारखा (वृषणांना एलएचसारखाच इशारा देणारं संप्रेरक) दुसरा मार्ग घेतात, म्हणून पहिली चिठ्ठी लिहून होण्याआधीच हा विषय काढा.