यानाचेक की मार्टिनू: आधी कोण ऐकावा?

ड्वोर्झाकची नववी सिम्फनी मनात घर करून बसली असेल आणि त्यापुढचं चेक संगीत ऐकायचं असेल, तर दोन नावं हमखास समोर येतात: लेओश यानाचेक (१८५४–१९२८) आणि बोहुस्लाव मार्टिनू (१८९०–१९५९). आधी कोणाला हात घालावा? माझ्या मते हे तुम्ही कसं ऐकता यावर ठरतं.

यानाचेकचं संगीत बोलण्यातून उगवलं. रस्त्यात, बाजारात कोण कसं बोललं, आवाज कुठे चढला, कुठे तुटला, हे तो वहीत स्वरलिपीत टिपून ठेवायचा. १९०३ साली मुलगी ओल्गा गेली, तेव्हा तिचा शेवटचा उसासाही त्यानं टिपला. ‘येनूफा’ हा ऑपेरा त्यानं तिच्याच स्मृतीला वाहिला. पूर्वेकडच्या मोराव्हिया या चेक प्रदेशातल्या ब्रनो शहरात हा ऑपेरा १९०४ मध्ये रंगमंचावर आला, प्रागने मात्र १९१६ पर्यंत दार उघडलं नाही. साठी उलटल्यावर नाव झालं आणि पुढच्या बारा वर्षांत या माणसानं ‘काट्या काबानोवा’, कोल्हिणीच्या गोष्टीचा ऑपेरा, वाद्यवृंदासाठीची ‘सिन्फोनिएट्टा’ आणि दोन्ही स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांच्या रचना) लिहिली. मला हे आजही थक्क करतं. १९२१ मध्ये प्रागला त्यानं रवींद्रनाथांना ऐकलं आणि परीस शोधत भटकणाऱ्या वेड्याच्या त्यांच्या कवितेवर समूहगीत रचलं. आपल्याला परीस समजावून सांगावा लागत नाही, म्हणून ते जरूर ऐका.

अडचण एकच. त्याचं सर्वोत्तम काम ऑपेरात आहे आणि तिथे चेक शब्द म्हणजेच चाल. सबटायटल्सशिवाय निम्मं हातून निसटतं.

मार्टिनूकडे ही अडचण नाही. त्याचं मोठं काम वाद्यांचंच. पोलिच्का गावातल्या चर्चच्या मनोऱ्यात, १९३ पायऱ्या वर, त्याचा जन्म झाला. वडील जोडे शिवायचे आणि गावात कुठे आग लागते का यावर नजर ठेवायचे. प्राग कॉन्झर्व्हेटरीने, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयाने, त्याला काढून टाकलं. १९२३ मध्ये तो पॅरिसला फ्रेंच संगीतकार रूसेलकडे शिकायला गेला आणि नाझी आल्यावर १९४१ मध्ये अमेरिकेत पोहोचला. तिथे १९४२ ते १९४६, दरवर्षी एक अशा पाच सिम्फनी झाल्या. ताल ठोक्यावरून सतत निसटतो, पियानो वाद्यवृंदातच मिसळून झगमगतो आणि मधेच एखादी साधी मोराव्हियन वळणाची धून सगळं उजळून टाकते.

पण त्यानं जवळपास चारशे रचना केल्या आणि त्यातल्या काही नुसत्या सवयीनं लिहिल्यासारख्या वाटतात. यानाचेक डोळे मिटून निवडता येतो, मार्टिनू वेचून घ्यावा लागतो.

तेव्हा हेडफोन लावून ऐकणार असाल, तर मार्टिनूपासून सुरुवात करा. आधी चौथी सिम्फनी, मग दोन तंतुवाद्यवृंद, पियानो आणि टिंपनी (मोठे नगारे) यांच्यासाठीचा ‘डबल कॉन्चेर्तो’. चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देऊन टाकणाऱ्या १९३८ च्या म्युनिक कराराच्या दिवसांत पुरा झालेल्या या रचनेत भीती जशी दाटली आहे तशी मी दुसरीकडे ऐकलेली नाही. पडद्यावर ऑपेरा बघायची सोय असेल, तर मात्र बेधडक ‘येनूफा’ लावा.

एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर यानाचेकचं दुसरं क्वार्टेट आणि लगेच मार्टिनूचा १९५९ चा ‘नोनेट’ ऐका. यानाचेकचं जिच्यावर प्रेम होतं त्या कामिला स्टॉसलोव्हाला त्यानं सातशेहून अधिक पत्रं लिहिली. ते क्वार्टेट त्या पत्रांचंच. ‘नोनेट’ नऊ वाद्यांचा, मायदेशातल्या वादकांसाठी लिहिलेला. त्याच वर्षी मार्टिनू स्वित्झर्लंडमध्ये वारला. १९३८ नंतर त्याला परत जाता आलं नव्हतं; पोलिच्काला त्याचे अवशेष पोहोचले ते १९७९ मध्ये.