आधी वही की थेट मोबाईल?

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये सुरू केलेले ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप अंगणवाडी सेविकांवर बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट मोबाईल व ॲपमधील इंग्रजीला कंटाळून सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. ॲप मात्र राहिले, आणि त्याच्याशी जुळवून घेण्याच्या दोन रीती पुढे आल्या.

पहिल्या रीतीत सेविका बालकांचे वजन, उंची, हजेरी आणि घरपोच आहाराचे वाटप आधी वहीत लिहिते व रेंज मिळेल तेव्हा ती माहिती मोबाईलमध्ये भरते. यात काम दुप्पट होते, आकडे उतरवताना चूक होऊ शकते. तरीही मोबाईल बंद पडला तर पुरावा हाताशी राहतो, आणि मानधनावर काम करणाऱ्या स्त्रीसाठी हा आधार लहान नाही.

दुसऱ्या रीतीत नोंद थेट ॲपमध्ये होते. वय, वजन व उंचीवरून बालक तीव्र कुपोषित आहे का, हे तिथल्या तिथे कळते आणि आईशी त्याच वेळी बोलता येते, हा तिचा खरा लाभ आहे. मात्र त्यासाठी चांगला मोबाईल आणि रेंज लागते.

माझ्या मते शहरी वस्तीत थेट नोंदच योग्य आहे. मेळघाट किंवा अक्कलकुव्यातील दुर्गम पाड्यावर मात्र वहीला चिकटून राहणाऱ्या सेविकेला तंत्रज्ञानविरोधी ठरवणे अन्यायाचे आहे; तिथे पर्यवेक्षिकेने नोंदीसाठी दोन दिवसांची सवलत दिली, तर तो अधिक शहाणपणाचा मार्ग ठरेल.